मागच्या खोलीतलं ताट

सोमवार, ३ मार्च

आणि वर आसावरी मलाच विचारते, "रेखाताई, फॉर्म भरला ना?" भरला बाई, भरला. रोज भरते. तिच्या सासऱ्यांची, म्हणजे काकांची अंघोळ, दाढी, गोळ्या, नाश्ता, चालायला नेणं, स्वयंपाक, धुणं, आणि हे सगळं उरकून हा कागद. पंधरा चौकटी, सगळं इंग्रजी. मी चौथी शिकलेली, तीही बार्शीच्या मराठी शाळेत, हे आसावरीला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती कोटाची बटणं लावत होती, न्यूयॉर्कची गाडी पकडायची घाई. म्हणाली, "फार काही नाही हो. दिवसभर बघायचं आणि टिक करायचं, बस." काय बघायचं ते सांगितलंच नाही. दार लावून गेलीसुद्धा.

मग मी माझ्या डोक्यानं करते. काका दिवसभर नीट वागले, जेवले, हसले, की सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा. आमचे गुरुजी करायचे तशा, लांब शेपटीच्या. कुरकुर केली तर एक-दोन फुल्या. फेब्रुवारीत फुल्या फार थोड्या पडल्या. पण कोणी म्हटलं का, रेखाताई, काकांना छान सांभाळलंत?

आणि तो कप. या घरात चाळीस कप आहेत, मी मोजलेत. माझा मात्र वेगळा, निळा, कान तुटलेला, सिंकखाली ठेवायचा. "काकांची इम्युनिटी कमी आहे ना, म्हणून." मग माझ्या हातची पोळी कशी चालते त्यांना? जाऊ दे. कान नाही म्हणून बोटं भाजतात, माझं म्हणणं एवढंच आहे.

तोंडावर मी तिला वहिनी म्हणते. वहीत आसावरीच. वही माझी आहे. केयानं दिली, म्हणजे आसावरीच्या मुलीनं. कॉलेजात आहे. म्हणाली, "मावशी, यू टॉक सो मच, लिहून ठेव." बरं, ठेवते.

मंगळवार, ४ मार्च

आज परत तेच. काका जेवायला बसले की आधी एक पोळी, थोडी भाजी, वाटीभर वरण बाजूला काढतात. म्हणतात, "हे मागच्या खोलीत देऊन ये. आवाज करू नकोस."

मागच्या खोलीत कपडे धुवायचं मशीन आहे. दुसरं कोणी नाही. पहिल्या दिवशी मी खरंच ताट घेऊन गेले आणि "कोण आहे?" म्हणून हाक मारली. मशीनसमोर उभी! आता ताट मशीनवर ठेवते आणि काका झोपले की मीच जेवते. अन्न टाकायचं नाही.

आज विचारलंच. "काका, कोण जेवतं हो तिथं?"

"एलायस."

"हा कोण आणि?"

"पेशंट. हळू बोल, रेखा. समोर गाडी उभी आहे."

समोर कोणाचीही गाडी नव्हती. कचऱ्याचे डबे होते. पण माणूस दिवसभर शांत, दोन पोळ्या खाल्ल्या, मला "वरण फर्मास" म्हणाला. पंधराच्या पंधरा बरोबर.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी अकराच्या सुमाराला काकांचं डोकं लख्ख असतं. तेव्हा मी त्यांना कामाला बसवते. आज मटार. काका सर्जन होते. ऐंशी वर्षं झाली तरी हात थरथरत नाही. शेंग उघडतात ती एका रेषेत, दाणा खाली पडत नाही. मीच सांडते.

सोलता सोलता सगळं सांगत होते. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

अमेरिकेत यायच्या आधी काका आणि सुवर्णाकाकू आफ्रिकेत होते, बोत्सवाना म्हणून देश आहे तिथं. सरहद्दीवरचं गाव, यांचा दवाखाना. तारेच्या पलीकडे दुसरा देश, तिथं गोऱ्यांचं राज्य. काळ्या माणसांची वस्ती वेगळी, बस वेगळी, बाक वेगळे, नळ वेगळा. काळ्या माणसानं गोऱ्यांच्या गावात पाऊल टाकायचं तर खिशात एक पुस्तक पाहिजे, फोटो आणि शिक्के असलेलं. त्याला पास म्हणायचे. पास नसला की तुरुंग. हा एलायस शाळामास्तर होता. मुलांना भडकवतो म्हणून त्याच्यामागे पोलीस लागले. चार दिवस पळत होता. कुत्री मागे. कोरड्या नदीच्या वाळूतून चालत आला, तार ओलांडली, मांडी फाटली, आणि काकांच्या दारात पडला. त्याला नऊ दिवस मागच्या खोलीत ठेवला.

पोलीस तारेच्या अलीकडे आले म्हणे, साधे कपडे घालून. दुसऱ्याच्या देशात येऊन यांची दादागिरी कशी चालते, हे मला काही कळलं नाही. एक जण तर पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात येऊन बसला, आत डोकवायला. काकांनी त्याला एरंडेल पाजलं, समोर उभं राहून, पूर्ण ग्लास. परत आला नाही.

मी खूप हसले. काकाही हसले.

मी म्हटलं, "नळसुद्धा वेगळा? काय माणसं तरी. आमच्या गावात असलं काही नव्हतं बाई."

काका म्हणाले, "नव्हतं?"

"छे. सगळे गुण्यागोविंदानं. आमची आई तर तारूबाईला रोज चहा द्यायची. तिचा कप ठेवलेला असायचा वळचणीला, खास तिचा. येऊन धुवून घ्यायची, आई वरून चहा ओतायची. किती गोड बोलायच्या दोघी."

काकांनी शेंग खाली ठेवली. मग माझा निळा कप ओढला आणि त्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. म्हटलं, काका, तो माझा आहे, तुमचा हा! ते मटार सोलत राहिले.

कप विसरले म्हणून एक फुली.

सोमवार, १० मार्च

काल इथं सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली, उन्हाळा येतो म्हणून. कोणाला विचारून केली? काकांच्या गोळ्यांचा सगळा घोळ.

दोन दिवस काका खिडकीतून हलत नाहीत. "करड्या रंगाची गाडी. दोन माणसं. बघ." म्हटलं, चला, आज बघूनच टाकते. तर खरंच होती. समोरच्या झाडाखाली करडी मोठी गाडी, आत दोन माणसं, उतरत नाहीत, काही नाहीत. मी म्हटलं असतील कोणाची तरी वाट बघत. काका म्हणाले, "तेच सांगतोय मी."

दुपारी गाडी गेली.

शेजाऱ्यांकडे अंगणात काम करणारा माणूस यायचा, त्याच्याकडे इथले कागद नाहीत म्हणे, आपल्याकडचाही बर्फ काढायचा, मला बघून हात करायचा. तो काही आज आला नाही. पानं तशीच पडलीत. यांना एक दिवस सुट्टी दिली की आठवडा घेतात.

शनिवार, १५ मार्च

आज सुट्टीच्या दिवशी बोलावलं. होळीच्या पुरणपोळ्या उरल्यात, त्या गरम करायला. म्हटलं येते, लेकीचं घर इथून चालत दहा मिनिटं. पण बोलावणं पोळ्यांसाठी नव्हतं.

गिरीशला टीव्हीवर एक जुना पिक्चर सापडला. गिरीश म्हणजे काकांचा मुलगा, आसावरीचा नवरा. "बाबा, हा आठवतो? तुमचा पिक्चर!" इंग्रजी, पन्नास वर्षांपूर्वीचा. गिरीश सांगत होता, तो आठ वर्षांचा असताना बाबांनी याची कॅसेट कुठून तरी मिळवली आणि दर रविवारी लावायचे. "अख्ख्या अमेरिकेत हा पिक्चर बहुतेक माझ्या बापानंच पाहिलाय. कोणाला नावसुद्धा माहीत नाही."

बसले मीही. भाषा कळेना. पण पळापळ कळते. एक काळा माणूस आणि एक गोरा ट्रकवाला पळतायत. मागे जीप, वर विमान, कुत्री. कोरडी नदी आली. मी म्हटलं, अगं बाई! मग तार आली. मग एक गाव, एक हिंदुस्थानी डॉक्टर, त्याची बायको. ती बाई साडी नेसली होती की पडदा गुंडाळला होता, देव जाणे. डॉक्टरानं दोघांना मागच्या खोलीत लपवलं!

मी काकांकडे बघितलं. काका पुढे सरकून बसले होते.

मग तो डॉक्टर त्या काळ्या माणसाचा पास घेतो आणि चुलीत घालतो. जळतो तो. आणि काका उठून उभे राहिले. "खोटं आहे! जाळला नाही! सुवर्णाकडे आहे!"

"बाबा, बसा. पिक्चर आहे."

"एलायसनं जाळू दिला नाही! हे सगळं संपलं की परत घ्यायला येईन म्हणाला!"

"त्याचं नाव टॉमस आहे, बाबा," गिरीश म्हणाला. हळू बोलला, पण मला ते बरं वाटलं नाही.

टॉमसच होतं. मीही ऐकलं. शेवटी ते पेट्रोलच्या टँकरमध्ये बसून पळतात आणि तो टॉमस मरतो.

काकांना झोपवून आले तर तिघं बोलत बसलेले. गिरीश म्हणाला, "बघितलंत, रेखाताई? सगळं यातलंच आहे. मागची खोली, गाडी, कुत्री. ते आयुष्यात कधी असलं काही बोलले नाहीत आणि गेल्या वर्षीपासून अचानक सुरू. डॉक्टर म्हणाले, पिक्चर आणि स्वतःचं आयुष्य त्यांच्या डोक्यात मिसळलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या फॉर्मचा फार उपयोग झाला. डॉक्टर म्हणाले, इतकं क्लिअर फार क्वचित असतं."

आसावरीच्या डोळ्यांत पाणी. "एवढं सगळं तुम्ही दिवसभर एकट्या सहन करत होतात, ताई. आमच्यासमोर ते किती नॉर्मल असतात."

चला, कोणाला तरी कळलं म्हणायचं. मी म्हटलं, त्यात काय, काका माझ्याशी छानच वागतात. ती आणखी रडली.

मग सांगितलं की एक एप्रिलला काकांना होममध्ये ठेवणार. मेमरी केअर म्हणतात, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. दाराला कोड असतो, आतून उघडत नाही. का ते मला कळेना. माणूस चांगला आहे असं मी रोज लिहून देते, त्याचा उपयोग झाला म्हणतात, आणि कोंडतात.

केयानं पुरणपोळी तशीच ठेवली.

आणि काका म्हणतात ते खोटं, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं. मला राग आला काकांचा. मटार सोलता सोलता मला पिक्चर सांगत होते आणि मी हसत होते येडीसारखी.

सोमवार, १७ मार्च

आज अक्षर वाकडं येतंय.

केया घरी होती. तिला म्हटलं, बाळा, या कागदावर आहे काय ते एकदा वाच की. तिनं वाचलं. मराठीत सांगत गेली, अडखळत.

ओळखीची माणसं ओळखत नाही. नसलेली माणसं दिसतात. पाठलाग होतोय असं वाटतं. घराबाहेर भटकतो. अंगावर धावून येतो. कपडे काढतो.

"मावशी, व्हाय डिड यू चेक ऑल ऑफ देम? आजोबा कपडे काढतात?"

"काय बोलतेस! मी बरोबर केलंय ते. बरोबर म्हणजे चांगलं!"

तिनं कागद माझ्यापुढे धरला. म्हणाली, "नो, मावशी. टिक मीन्स, असं झालं."

मी म्हटलं, आमच्या शाळेत बरोबरची खूण म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. सगळीकडे तसंच असतं. इथं उलटं कोणी केलं?

सव्वीस दिवस काका माझ्या अंगावर धावून आले, असं मी लिहून दिलंय. ज्या दिवशी ते सगळ्यात चांगले होते त्या दिवशी सगळ्यात जास्त. मटारच्या दिवशी फक्त एकच गोष्ट केली नाही त्यांनी, आणि ती कुठली ते केयानं सांगितलं: "एकाच गोष्टीवर हसत सुटतो." तिथं फुली.

बुधवार, १९ मार्च

आसावरीला सांगितलं. सरळ. वहिनी, माझ्या खुणा उलट्या आहेत, मी अडाणी, सगळं परत करा.

तिनं माझा हात धरला. "ताई, तुम्हाला गिल्टी वाटतंय. साहजिक आहे. जीव लावलात त्यांना."

"जिवाचं नाही हो, खुणांचं सांगतेय!"

"बरं, खुणा बाजूला ठेवू. ते मागच्या खोलीत ताट पाठवतात की नाही?"

"पाठवतात."

"तिथं कोणी आहे का?"

मी नाही म्हटलं. तशी ती म्हणाली, "सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली, आणि ते म्हणतात पास सुवर्णाकडे आहे. म्हणतात की नाही?"

म्हणतात. मलाही परवा सुवर्णा म्हणून हाक मारली. दोनदा अंघोळ झाली तरी झाली नाही म्हणतात. हे मी खोटं सांगू का? विसरतात ते. पण विसरणं वेगळं आणि कोंडून ठेवण्यासारखं होणं वेगळं. की एकच आहे? मला ठरवता येत नाही. पिक्चर मी स्वतः पाहिला.

गिरीश तिकडे दुसऱ्या राज्यात शॉमबर्गला गेलाय, ऑफिसच्या कामाला. शनिवारी, एकोणतीसला येणार.

शनिवार, २२ मार्च

काकांचं सामान काढायला घेतलं. होममध्ये दोन बॅगा चालतात. दोन बॅगांत माणूस!

आसावरीनं ढीग केले. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. टाकायच्या ढिगात काकांची गोधडी. "पन्नास वर्षांत धुतली नाही हो ती. सासूबाई मशीनमध्ये घालू द्यायच्या नाहीत. नुसती उन्हात घालायच्या. वास बघा."

काका येऊन गोधडीवर बसले. उठेनात. एका कोपऱ्यातला धागा नखानं टोकरत होते.

"हे पण करतात बघा सारखं," आसावरी म्हणाली. "फॉर्मवर आहे हे. पिकिंग."

मी म्हटलं, मी घरी नेते, कोपरा शिवून आणते, मग बघू. काका म्हणाले, "तू आणशील ना परत?" आणते म्हटलं. दिली.

सोमवार, २४ मार्च

नीट लिहायला पाहिजे हे. सावकाश लिहिते.

काल लेकीच्या गच्चीत उजेडात गोधडी पसरली. सुवर्णाकाकूंचं काम. आम्ही बार्शीकडच्या बायका टाका ओळखतो, तोंड ओळखावं तसा. कडेनं सुरू केलेला धावदोरा, आत आत गेलेला, भाताच्या दाण्याएवढा टाका, कुठे चुकला नाही. आत जुन्या इरकली, वर एक फुलाफुलाचं. बाईचा हात चांगला होता. पण त्या कोपऱ्यात एक ठिगळ, आणि त्याचे टाके काकूंचे नव्हेत. कुठल्याच बाईचे नव्हेत. एक टाका, गाठ, दोरा कापलेला. परत टाका, गाठ, कापलेला. नऊ टाके, नऊ गाठी. काळे, रेशमी, मुंग्यांसारखे.

गोधडीला असं कोण शिवतं? एक टाका तुटला तर बाकीचे सुटू नयेत म्हणून असं शिवतात, पण ते कापड नसतं. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरनं असेच घातले होते. मी आठ दिवस पडल्या पडल्या तेच मोजत होते.

उसवलं. आत दवाखान्यातलं लाल मेणकापड. त्यात पानं. पुठ्ठा नाही, नुसती पानं, शिक्क्यांची. एका पानावर फोटो. काळा माणूस, तरुण, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. डाव्या भुवईत खोक. पिक्चरमधला माणूस नव्हे हा. पिक्चरमधला गोल चेहऱ्याचा होता.

इंग्रजी अक्षरं मला एकेक येतात. बोट ठेवून वाचली. ई. एल. आय. ए. एस.

टॉमसचा टी नाही कुठे. तीनदा बघितलं.

मी गच्चीतच बसून राहिले. लेक म्हणाली काय झालं, मी म्हटलं काही नाही, ऊन लागलं. मार्चमध्ये इथं कसलं ऊन. पण सुचलं ते बोलले.

मंगळवार, २५ मार्च

आसावरीला दाखवलं नाही. टाकायच्या ढिगात जाईल अशी भीती वाटते. केयाला दाखवलं. ती फोटो काढत होती आणि हात तोंडावर.

अकरा वाजता काकांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी मेणकापडाला हात लावला, पानांना लावला नाही. म्हणाले, "सुवर्णाकडे आहे, असं मी सांगत होतो."

"गोधडी म्हणायला काय झालं होतं, काका?"

"गोधडी सुवर्णाचीच आहे ना?"

मी खुर्ची ओढून समोर बसले.

म्हटलं, आता सगळं सांगा, आणि पिक्चरमधलं सांगू नका. रागावले. म्हणाले, "तो पिक्चर मी इतक्यांदा का बघितला? आमच्यासारखं कोणी केलं होतं, एवढं तरी कोणाला सुचलं म्हणून. दुसऱ्या कोणाशी बोलायची सोय नव्हती. पण शेवट त्यांना कळलाच नाही."

शेवट असा. दहाव्या दिवशी, भर दुपारी बाराला निघाले. रात्री लपून जातील असं त्यांना वाटतंय, म्हणून दुपारी, ही युक्ती काकूंची. छोटी मोटार. मागच्या सीटखाली एलायस आडवा, वर ही गोधडी, गोधडीवर लुगडी आणि भांडी. पुढे काकू, आठवा महिना. नदीच्या पुलावर करडी गाडी आडवी. दोघं उतरले. त्यातला एक एरंडेलवाला. तो म्हणाला, "डॉक्टर, कुठे?" आणि काकूंनी कळा आल्यासारखी किंकाळी फोडली. अशी फोडली म्हणे की काकाही घाबरले, खरंच आल्या वाटलं. मागे हात घालून गोधडीच ओढायला लागल्या, अंगावर घ्यायला. काका म्हणाले, "बघ ना, ती गोधडी ओढतेय आणि खाली माणूस." पण एरंडेलवाला दोन पावलं मागे गेला. बाईमाणसाचं काही बघायला नको म्हणून तोंड फिरवलं. गाडी बाजूला घेतली.

एलायस उत्तरेला गेला. पास यांच्याकडे ठेवून. परत काही कळलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? निदान गिरीशला?"

काका म्हणाले, "अमेरिकेच्या कागदावर प्रश्न होता. कोणाला बेकायदा सरहद्द ओलांडायला मदत केलीत का? त्यांना त्यांच्या सरहद्दीचं विचारायचं असेल. पण सुवर्णा घाबरली. 'नाही'च्या चौकटीत खूण तिनं केली. म्हणाली, आता जन्मभर नाही म्हणजे नाही." मेणकापडाची घडी नीट केली. "ती गेली. आता कोणाची चोरी?"

मग म्हणाले, "ठेव परत. तो येईल तेव्हा लागेल."

मी सुई ओवायला घेतली, तर म्हणाले, "इकडे दे." काळा रेशमी दोरा माझ्याकडे होता. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्यानं सकाळी उजव्या पायाचा बूट डाव्यात घातला होता. नऊ टाके, नऊ गाठी. एकही वाकडा नाही. मी दोरा कापत गेले.

आजच्या कागदावर याला चौकट शोधली. नाही.

दुपारी काकांनी ताट काढलं. मी मशीनवर ठेवलं. आज जेवले नाही त्यातलं. का ते माहीत नाही. नुसती उभी राहिले.

गुरुवार, २७ मार्च

गिरीशला पत्र लिहिलं. केयानं फोनवर फोटो काढून पाठवलंय, पासाच्या फोटोबरोबर. इथं उतरवून ठेवते.

गिरीशदादा,

मी अडाणी आहे, म्हणून सरळ लिहिते. सव्वीस दिवसांच्या सगळ्या खुणा उलट्या आहेत. बरोबर म्हणजे चांगलं असं धरून मी केल्या. ही माझी चूक आहे, काकांची नाही. डॉक्टरांना ते कागद परत पाठवा. पाहिजे तर मला समोर उभी करा, मी सांगते.

काका विसरतात. मला सुवर्णा म्हणतात. ते मी लपवत नाही. पण जे विसरले नाहीत, ते तुम्ही विसरलेलं म्हणताय.

फोटो नीट बघा. नाव वाचा, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर वाचता येईल. हा पिक्चरमधला नव्हे. हे पान तुम्ही लहानपणी ज्या गोधडीखाली झोपायचात तिच्या कोपऱ्यातून निघालं. टाके काकांनी घातले होते. परत घातलेत, परवा, माझ्यासमोर. ती टाकायच्या ढिगातून मी उचलली आहे आणि आता ती त्यांच्या अंगावर आहे.

काकांनी हे सगळं पिक्चरमधून घेतलं असं तुम्हाला वाटतं. त्या पुलावर चार जण होते. सीटखाली एलायस, चाक धरून काका, ओरडणाऱ्या काकू, आणि काकूंच्या पोटात तुम्ही. पिक्चरमध्ये ते मूल नाही. मी पूर्ण बघितलाय.

मंगळवारी त्यांना कोडच्या दाराआड नेणार आहात. मी नुसती कामाची बाई, मला विचारायचा हक्क नाही असं वाटेल. तरी विचारते. रविवारी पाडवा आहे. श्रीखंड मी करून ठेवीन. गुढी उभी करायच्या आधी मला उत्तर पाहिजे, नेणार की ठेवणार. "बघू" म्हटलेलं मी धरणार नाही. आणि उत्तर मला द्यायच्या आधी त्यांना द्यायचं, समोर बसून, सकाळी अकराला, डोकं लख्ख असतं तेव्हा.

रेखा